दोन वर्षे घराबाहेर : मॉर्मन तरुणाचा एक आठवडा

पांढरा शर्ट, टाय आणि छातीवर काळी नावपट्टी. वय जेमतेम १८-२० वर्षे. ज्या वयात मुले कॉलेज आणि करिअरच्या चिंतेत असतात, त्या वयात हा तरुण घरदार सोडून परक्या गावात धर्मप्रचार करतो, तोही बिनपगारी! खर्चाचा भार बहुतेक वेळा तो स्वतः किंवा त्याचे आईवडीलच उचलतात. मुलांची सेवा २ वर्षांची असते, मुलींची दीड वर्षाची.

या पंथाची स्थापना जोसेफ स्मिथ यांनी १८३० मध्ये अमेरिकेत केली. आपल्याकडेही तो नवा नाही. १८५२ मध्ये ह्यू फिंडले हे मॉर्मन प्रचारक मुंबईत उतरले. पुढे पुण्यात त्यांनी लहानशी शाखा उभी केली आणि ते मराठीही शिकू लागले. मात्र काही वर्षांतच हे काम थंडावले.

सोमवार घरकामाचा

प्रचारकाचा आठवडा साधारणपणे सोमवारी सुरू होतो. या दिवशी कपडे धुणे, बाजारहाट, केस कापणे, थोडा खेळ आणि घरी फोन! पूर्वी वर्षातून फक्त दोनदा घरी फोन करता येई. फेब्रुवारी २०१९ पासून दर आठवड्याला बोलण्याची मुभा मिळाली. लेकराचा आवाज ऐकायला आसुसलेल्या आयांना केवढा दिलासा मिळाला असेल!

मंगळवारपासून कामाला जुंपायचे. साधारण साडेसहाला उठणे, व्यायाम, प्रार्थना, धर्मग्रंथाचे वाचन आणि मग गाठीभेटी. रात्री साडेदहाच्या सुमारास अंथरुणावर. सोबत सतत एक जोडीदार असतो. तो निवडण्याचा अधिकार नाही, त्याला सोडून एकट्याने भटकण्याची परवानगी नाही. स्वभाव जुळले नाहीत तरी जमवून घ्यावेच लागते. प्रेमप्रकरणाला तर पूर्ण मनाई. आठवड्यातले काही तास समाजसेवेसाठीही राखलेले असतात.

चहाला नकार

दारू आणि तंबाखूबरोबर चहा-कॉफीही या पंथात वर्ज्य आहे. आपल्याकडे पाहुण्यासमोर चहाचा कप ठेवलाच जातो. तो नाकारताना यजमान दुखावणार नाही, ही कसरत त्याला करावी लागते. पण त्याहून कठीण असतात ते त्याच्या वाट्याला येणारे नकार. कित्येक दारे उघडतात आणि लगेच बंद होतात. तरीही दुसऱ्या दिवशी पुन्हा तेवढ्याच उत्साहाने निघायचे!

रविवारी प्रार्थनासभा. महिन्याच्या पहिल्या रविवारी दोन वेळचे जेवण टाळून वाचलेले पैसे गरजूंसाठी दिले जातात.

कायदा काय सांगतो?

हा मार्ग आपल्या देशात नाजूक आहे. मध्य प्रदेशाने १९६८ मध्ये बळजबरी, आमिष आणि फसवणुकीने होणाऱ्या धर्मांतराविरुद्ध कायदा केला. त्याला आव्हान देणारे प्रकरण रायपूरचे पाद्री रेव्हरंड स्टॅनिस्लॉस यांचे होते. सर्वोच्च न्यायालयाने १९७७ मध्ये निकाल दिला, की आपल्या धर्माची तत्त्वे सांगण्याचा हक्क राज्यघटनेने दिला आहे, पण दुसऱ्याचे धर्मांतर करण्याचा नाही. २००० मध्ये छत्तीसगढ वेगळे झाले, तेव्हा हा कायदा तिकडेही गेला.

मॉर्मन पंथाचे स्वतःचे नियमही आहेत. अल्पवयीन मुलाचा बाप्तिस्मा पालकांच्या परवानगीशिवाय होत नाही आणि विवाहितांना जोडीदाराची संमती लागते. कारण धर्म एकाने बदलला तरी सण, लग्नकार्ये आणि नातीगोती साऱ्या घराची असतात.

दारात असा तरुण आला तर त्याच्याशी सौजन्याने वागावे. ऐकायचे नसेल तर हसून नाही म्हणावे. ऐकावेसे वाटले तर प्रश्न जरूर विचारावेत, पण कोणताही निर्णय घाईने किंवा घरच्यांपासून लपवून घेऊ नये. शेवटी तोही कुणाचा तरी मुलगा आहे आणि सोमवारच्या फोनची त्याच्या घरीही वाट पाहिली जात असते.