दिसू लागलं, पण दाब मोजला का?

सकाळी उठले तर डाव्या डोळ्यापुढे धुरकट; दुखणं काहीच नाही. इथे लंडनमध्ये डॉक्टर म्हणाले, डोळ्याच्या पडद्याची शीर तुंबून मधल्या भागाला सूज आलीय. इंजेक्शनने डोळ्यात डेक्सामेथासोन या स्टेरॉइडची ०.७ मिलिग्रॅमची बारीक कांडी सोडली. ती आतच हळूहळू विरघळते.

दोन महिन्यांत अक्षरं दिसू लागली. भाचीच्या लग्नासाठी पुण्याला निघाले, तर डॉक्टर म्हणाले, "याच सुमारास डोळ्याचा दाब वाढतो, अन् कळतही नाही." पुण्यात मोजला. वाढलेलाच होता! थेंब सुरू केले, दाब उतरला.

मंडळी, औषधाचा असर काही महिन्यांत ओसरतो, सूज परतू शकते. गावी जाताना उपचाराचे कागद जवळ ठेवा, तपासणी चुकवू नका.