पन्नास पैशांच्या आतला विमा

गेल्या वैशाखात मावससासूबाईंच्या धाकट्या मुलाचं लग्न होतं. मिरजेहून रात्रीच्या गाडीने आम्ही डोंबिवलीला निघालो. पहाटे कल्याण जवळ आलं म्हणून सामान आवरायला घेतलं, तर बाकाखालची निळी बॅग जागेवर नाही! माझी पैठणी, सासूबाईंची औषधं, आहेराची चांदीची वाटी, सगळं तिच्यात.

माझ्या तर पोटात गोळाच आला. हे मात्र शांत. म्हणाले, "अगं, तिकिटाबरोबर विमा घेतलाय ना! भरून मिळेल."

तिकीट काढलं होतं माझ्या दिरांनी, त्यांच्या मोबाईलवरून. लग्नघरी पोचल्यावर आधी त्यांना गाठलं. "भावजी, विम्याचे कागद कुठायत?"

"कागद कसले वहिनी, मेसेज आला होता. मी काही तो उघडला नाही."

मग मांडवाच्या कोपऱ्यात बसून मी तो उघडला आणि नेटाने वाचला. चोरीचा त्यात कुठे उल्लेखच नव्हता! हा विमा माणसाचा, सामानाचा नव्हे, हे मला त्या दिवशी कळलं.

मैत्रिणींनो, आयआरसीटीसीच्या संकेतस्थळावर किंवा अ‍ॅपवर तिकीट काढताना 'विमा हवा का?' असं विचारतात, तोच हा विमा. २०१६ साली तो सुरू झाला तेव्हा माणशी ९२ पैसे पडत. आता पन्नास पैसेही पडत नाहीत. खिडकीवर काढलेल्या तिकिटाला तो मिळत नाही. एका तिकिटावर चौघं असतील तर घ्यायचा तो चौघांचाही.  आणि तिकीट रद्द केलं तरी विम्याचे पैसे परत मिळत नाहीत.

आता मिळतं काय ते पाहा. रेल्वे अपघातात मृत्यू आला किंवा कायमचं संपूर्ण अपंगत्व आलं, तर १० लाख रुपये. कायमचं अंशतः अपंगत्व आलं तर साडेसात लाखांपर्यंत. जखमी होऊन इस्पितळात राहावं लागलं तर दोन लाखांपर्यंत खर्च. गाडीत चढताना-उतरताना घडलेला अपघातही यात धरतात. घरून रिक्षाने स्टेशनवर जाताना काही झालं, तर ते मात्र यात बसत नाही.

इस्पितळाचा खर्च म्हटला की आपल्याला वाटतं, गाडीत साखर वाढली, छातीत दुखलं तरी मिळेल. तसं नाही. खर्च मिळतो तो अपघाताच्या दुखापतीचा, आजारपणाचा नाही. गाडी चुकली, उशिरा पोचली, पाकीट मारलं, यांचाही विम्याशी संबंध नाही.

पण खरं सांगू? बॅगेपेक्षा मला चटका लावला तो त्या मेसेजमधल्या दुसऱ्याच गोष्टीने. वारस म्हणून कुणाचं नाव लावायचं, त्याची जागा तिथे होती. आम्हा सर्वांच्या नावांपुढे ती कोरी! आमचे हे कामासाठी दर पंधरा दिवसांनी मुंबईला जातात, दर वेळी विमाही घेतात. घरी आल्यावर त्यांचे जुने मेसेज पाहिले. एकदाही नाव भरलेलं नव्हतं. नाव नसलं तर पैसे बुडतात असं नाही. ते कायदेशीर वारसांना मिळतात. पण आपण वारस आहोत हे सिद्ध करायला दाखले गोळा करत फिरायचं कुणी? तेही अशा प्रसंगी! अभद्र बोलू नये म्हणून आपण हा विषय टाळतो, आणि ऐन वेळी त्याचीच झळ बाईला लागते.

आणखी एक. विमा घेतला नसला, तिकीट खिडकीवरचं असलं, तरी रेल्वे अपघातात कायद्याने भरपाई मागता येते. मृत्यू आला तर ती ८ लाख रुपये असते. त्यासाठी रेल्वे दावा न्यायाधिकरणाकडे एक वर्षाच्या आत अर्ज करायचा. मुंबई आणि नागपूर इथे त्याची खंडपीठं आहेत. विमा असेल तर त्याचे पैसे याखेरीज मिळतात. म्हणून प्रवास संपेपर्यंत तिकीट नीट जपावं.

आणि सामानाचं काय? जवळ ठेवलेल्या सामानाची जबाबदारी आपलीच. रेल्वेच्या नोकराचा हलगर्जीपणा सिद्ध झाला तरच रेल्वे भरपाई देते. चोरी झाली तर १३९ वर फोन करावा, किंवा तिकीट तपासनिसाकडून तक्रारीचा फॉर्म घेऊन भरून द्यावा. त्यासाठी मध्येच उतरावं लागत नाही. आम्हीही तक्रार केली. बॅग अजून काही मिळालेली नाही. आता साखळी-कुलूप घेतलंय. औषधं आणि किमती वस्तू खांद्यावरच्या पिशवीत, आणि झोपताना ती उशाशी.

परवा यांचं मुंबईचं तिकीट निघालं. मोबाईल माझ्याच हातात होता. मेसेज आला तसा उघडला आणि यांच्यापुढे धरला. "भरा नाव."

हे हसले. म्हणाले, "कुणाचं भरू?"

मी म्हटलं, "विचारताय काय? भरा मुकाट्याने!"