पाट उबदार, फरशी गार

थंडीच्या दिवसांत पहाटे शहाबादी फरशीवर अनवाणी पाय टेकला की अंगावर काटा येतो. शेजारच्या लाकडी पाटावर तोच पाय निवांत राहतो. खरं तर रात्रभर एकाच खोलीत असल्यानं दोन्हींचं तापमान जवळपास सारखंच असतं. पायाची त्वचा त्याहून गरम असते. तिची उष्णता फरशी भराभर ओढून घेते, लाकूड सावकाश. मेंदूपर्यंत पोचतं ते त्वचा किती झपाट्यानं निवते आहे हे. खोलीचा आकडा त्याला ठाऊकच नसतो.

त्यातून आधीची सवयही आड येते. एक हात गरम पाण्यात, दुसरा गार पाण्यात थोडा वेळ ठेवावा आणि मग दोन्ही कोमट पाण्यात बुडवावेत. तेच पाणी एका हाताला गार, दुसऱ्याला गरम लागतं! जॉन लॉक या इंग्रज तत्त्वज्ञानं सतराव्या शतकातच हे लिहून ठेवलं होतं. मुलांना हा प्रयोग जरूर करून दाखवावा.

त्वचेतल्या मज्जातंतूंच्या टोकांवर उष्णता ओळखणारी प्रथिनं असतात. त्यांतलं एक साधारण 43 अंशांपुढे जागं होतं आणि मिरचीतल्या कॅप्सेसिननंही. म्हणूनच ठेच्यानं तोंड भाजतं. पुदिन्यातलं मेंथॉल गारव्याच्या प्रथिनाला चेतवतं. अशा शोधांबद्दल डेव्हिड ज्युलियस यांना 2021 चं वैद्यकशास्त्राचं नोबेल विभागून मिळालं.

उकाडा किती जाणवतो यात हवेतल्या दमटपणाचाही वाटा मोठा. मुंबईत पारा 34 वर असला तरी घाम वाळत नाही आणि जीव नकोसा होतो. विदर्भातल्या कोरड्या उन्हात घाम लगेच उडतो, पण शरीरातलं पाणी नकळत घटत जातं. तिथे कूलर उपयोगी पडतो. मुंबईच्या बंद खोलीत तोच कूलर दमटपणात भर घालतो.