वर्दी उतरल्यावर (भाग 6) : अकरा लाख एकाहत्तर हजारांची फोड

खटाव तालुक्यातून एका ताईंचं पत्र आलं आहे. मुलगा अग्निवीर म्हणून भरती झाला, त्याची चार वर्षं आता भरत आली. त्या लिहितात, "भाऊ, पोरगं सुटून येताना सरकार बारा लाख देणार म्हणतात. घराच्या भिंती उभ्या आहेत, स्लॅब तेवढा राहिलाय. गवंडी म्हणतो आत्ताच सांगून ठेवा. सांगू का?"

मागच्या भागात आपण पंधरा वर्षं काढून सुटणाऱ्या जवानाची ग्रॅच्युइटी आणि पेन्शन पाहिली. या भागात सगळं ब्रिटनच्या लष्कर-कपातीवर लिहायचं ठरलं होतं. पण गवंडी थांबणार नाही. म्हणून आधी ताईंचा हिशेब. ब्रिटन त्याच्या ओघात येईलच.

अग्निवीरांना चार वर्षांसाठी भरती करणारी अग्निपथ योजना 14 जून 2022 रोजी जाहीर झाली. तेव्हा जे वेतन सांगितलं गेलं ते पहिल्या वर्षी महिना 30,000, दुसऱ्या वर्षी 33,000, तिसऱ्या वर्षी 36,500 आणि चौथ्या वर्षी 40,000 रुपये. गावच्या पारावर हेच आकडे फिरले. पोराच्या खात्यात मात्र हे आकडे कधीच जमा होत नाहीत. दरमहा त्यातला तीस टक्के भाग आधीच कापला जातो. पहिल्या वर्षी 9,000 कापून हातात 21,000. मग 9,900 कापून 23,100. मग 10,950 कापून 25,550. आणि शेवटच्या वर्षी 12,000 कापून 28,000. ही कपात 'सेवानिधी' नावाच्या निधीत जाते. चारही वर्षांची कपात मांडून पाहा : 1,08,000 अधिक 1,18,800 अधिक 1,31,400 अधिक 1,44,000. बेरीज येते 5,02,200.

तेवढीच रक्कम सरकार आपल्या बाजूने घालतं. दोन्ही मिळून 10.04 लाख होतात, आणि त्यावर व्याज धरून सुटताना सुमारे 11.71 लाख हातात पडतात. या रकमेवर आयकर नाही. 2023 च्या वित्त कायद्याने आयकर कायद्यात 80सीसीएच हे कलम घालून निधीत जाणाऱ्या रकमेलाही वजावट दिली. ताईंनी ऐकलेले बारा लाख ते हेच.

आता 'सरकार देणार' हे दोन शब्द बघू. पाच लाख दोन हजार रुपये पोराच्याच पगाराचे आहेत. ते त्याने बर्फात, वाळूत, रात्रपाळीच्या पहाऱ्यावर कमावले, फक्त हातात घेतले नाहीत. नियमित जवानाच्या पगारातूनही एएफपीपी फंड, म्हणजे सैनिकांचा भविष्य निर्वाह निधी, कापला जातो, आणि सुटताना तो फंड परत मिळतो. पण तो फंड सरकारने दिला असं कोणी फौजी म्हणत नाही. तो म्हणतो, माझा फंड आला. अग्निवीराच्या घरातही हीच भाषा असायला हवी, कारण भाषेवरून खर्च ठरतो. दान मिळाल्यासारखी रक्कम घर सणासारखी उधळतं आणि कमाईला जपून हात लावतं, हे मी आमच्या भागात अनेक घरांत पाहिलं आहे.

मग सरकारचं निव्वळ देणं किती? तो दुसरा पाच लाख दोन हजारांचा हिस्सा आणि त्यावरचं व्याज. आणि त्याच्या बदल्यात काय नाही, तेही त्याच पानावर मांडायला हवं. पेन्शन नाही. ग्रॅच्युइटी नाही. नियमित जवानाला निवृत्ती ग्रॅच्युइटीसाठी किमान पाच वर्षांची सेवा लागते, आणि अग्निवीराची मुदत चार वर्षांची आहे. नोकरीत असताना महागाई भत्ता नाही, आणि नियमित जवानाला महिना 5,200 रुपयांचं जे लष्करी सेवा वेतन मिळतं तेही नाही. सुटल्यावर माजी सैनिकाचा दर्जा नाही. म्हणजे कॅन्टीनचं कार्ड नाही आणि ईसीएचएसचा, म्हणजे माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेचा, दवाखानाही नाही.

पेन्शन नाही म्हणजे नेमकं किती नाही, हे रुपयांत कळल्याशिवाय मनात उतरत नाही. समजा पूर्ण 11.71 लाख बँकेत ठेवले आणि सात टक्के व्याज मिळालं. वर्षाचे 82,000 च्या आसपास होतात, म्हणजे महिना सुमारे 6,800 रुपये. शेवटच्या वर्षी पोराच्या हातात 28,000 येत होते. हा त्याचा पाव हिस्साही नाही. केंद्र सरकारच्या नियमाप्रमाणे किमान पेन्शनच महिना 9,000 रुपये आहे, त्यावर महागाईप्रमाणे वाढ मिळते ती वेगळी. आणि ठेवीचे 6,800 हे दहा वर्षांनीही 6,800 च राहतात. व्याजदर उतरला तर त्याहून कमी.

माझे चुलते हवालदार म्हणून सुटले होते. ते गेले त्याला बरीच वर्षं झाली. काकू अजून दर नोव्हेंबरात हयातीचा दाखला देतात. पूर्वी त्यासाठी बँकेत रांग लावायच्या, आता नातू मोबाईलवर त्यांचा चेहरा धरतो. प्रयागराजच्या संरक्षण पेन्शन कार्यालयाकडून, 'स्पर्श' या ऑनलाइन पेन्शन प्रणालीमार्फत त्यांचं फॅमिली पेन्शन महिन्याला येतं. त्या पैशातून त्या औषधं आणतात, लग्नाकार्यात आपल्या हाताने आहेर करतात, आणि घरात कोणापुढे हात पसरत नाहीत. एकरकमी पैशाला हे कधी जमत नाही, कारण त्याची वाटणी पहिल्याच वर्षी होऊन जाते. अग्निवीराच्या आईला आणि होणाऱ्या बायकोला काकूंसारखा नोव्हेंबर नाही, ही या योजनेतली मला सर्वांत जास्त खुपणारी गोष्ट आहे.

आता ब्रिटन, कारण एकरकमी पैसा की पेन्शन हा प्रश्न तिथेही उठला. ऑक्टोबर 2010 मध्ये तिथल्या सरकारने संरक्षणाचा आढावा घेतला आणि सैन्य लहान करायचं ठरवलं. पायदळासह संपूर्ण भूदल सुमारे 1,02,000 वरून 82,000 वर आणण्याचं लक्ष्य पुढे ठरलं. 2011 ते 2014 या काळात चार टप्प्यांत लोकांना घरी पाठवलं गेलं. जून 2013 च्या एकट्या तिसऱ्या टप्प्यात भूदलातल्या सुमारे 4,480 जणांना पत्रं मिळाली. ज्यांनी आपण होऊन अर्ज केला त्यांना सहा महिन्यांची मुदत, ज्यांना न मागता काढलं त्यांना बारा महिन्यांची. मोहिमेवर असलेल्यांना, मोहिमेच्या तयारीत असलेल्यांना आणि तिथून परतून सावरत असलेल्यांना न मागता काढायच्या यादीतून वगळलं होतं. प्रत्येकाला करमुक्त एकरकमी भरपाई मिळाली, आणि बहुतेकांनी ती स्वतः मागून घेतली.

तरीही मोठी तक्रार उठली. पेन्शन लगेच सुरू होण्याची मर्यादा गाठायला अगदी थोडे दिवस राहिलेले काही सैनिक त्यात सापडले. त्यांचं जमलेलं पेन्शन बुडालं नाही, पण ते म्हातारपणापर्यंत लांबलं. सरकारचं म्हणणं असं की अशा लोकांना भरपाईची रक्कम मोठी दिली आहे, आणि रेघ कुठेतरी ओढावीच लागते. सैनिकांचं म्हणणं, रेघ आमच्या दारात येऊन थांबली. मला सैनिकांचं पटतं. आयुष्यभराचं उत्पन्न आणि एकदाची रक्कम यांचं वजन एकाच तराजूत करता येत नाही.

दोन्ही देशांतला फरक मात्र नीट पाहायला हवा. ब्रिटिश शिपायाशी केलेला लांबचा करार सरकारने मध्येच तोडला, म्हणून ती रक्कम भरपाई होती. आपल्या अग्निवीराशी करार मुळातच चार वर्षांचा आहे. तिथे मोडलेल्या शब्दाची किंमत दिली गेली. इथे मोठा शब्द दिलाच गेला नाही. त्यामुळे सेवानिधीला भरपाई समजून 'एवढंच का?' म्हणून भांडायला कायद्यात जागा सापडत नाही. भांडायचं तर शब्द मोठा करून घेण्यासाठी भांडावं लागेल. सरकारचा हिस्सा वाढवा आणि निदान ईसीएचएसचं दार उघडा, या दोन मागण्या मला रास्त वाटतात. बाविशीच्या पोराला उंचावरच्या चौकीवर उभं करणाऱ्या देशाने त्याच्या गुडघ्यांची आणि फुप्फुसांची जबाबदारी चौथ्या वर्षाशी संपवू नये.

ताई, अजून दोन गोष्टी ध्यानात ठेवा. पहिली, तुमचा मुलगा निवडला गेला तर काय? प्रत्येक तुकडीतल्या 25 टक्क्यांपर्यंत मुलांना पुढच्या नियमित सेवेत घेतलं जातं. तो त्यांत आला तर त्याला सेवानिधीतला फक्त स्वतःचा हिस्सा व्याजासह मिळतो, सरकारचा हिस्सा मिळत नाही. पुढे पेन्शनची वाट मोकळी होते, तेव्हा हा सौदा आनंदाने करावा. पण स्लॅबसाठी तुम्ही धरलेले बारा लाख त्या दिवशी निम्म्याच्या आसपास येतात. निवडीचं पत्र आणि गवंड्याचं बिल एकदमच दारात यायला नको. दुसरी, मुदतीआधी स्वतःहून सुटणं फक्त अत्यंत अपवादाच्या कारणांनी, वरिष्ठांच्या मंजुरीने होतं, आणि तेव्हाही सरकारचा हिस्सा जातो. घरच्यांनी फोनवर रडून त्याला घाई करू नये.

नौदलातल्या अग्निवीरांची पहिली तुकडी नोव्हेंबर 2022 मध्ये ओडिशातल्या आयएनएस चिल्का इथे प्रशिक्षणाला गेली आणि 28 मार्च 2023 रोजी तिचं दीक्षान्त संचलन झालं. म्हणजे तिची चार वर्षं 2026 च्या अखेरीला भरतात. भूदलाची पहिली पोरं त्यांच्या मागोमाग. सातारा, सांगली, कोल्हापूर, अहिल्यानगर भागातल्या भरती अकॅडम्यांतून पहाटे चारला धावायला जाणारी पोरं आता ज्यांच्याकडे बघून धावताहेत, ते हे पहिले परतणारे. हे परतणारे चोवीस-पंचविशीच्या आत-बाहेर असतील. पोलीस भरतीला बसतील, केंद्रीय दलांतल्या राखीव जागांसाठी अर्ज भरतील, काही जण शिकतील. निकाल लागून रुजू व्हायला सहज वर्ष-दीड वर्ष जातं. तेवढा काळ घरात त्याचा पगार नाही, हे गृहीत धरून चाला.

म्हणून ताई, गवंड्याला आत्ता सांगू नका. पैसे मुलाच्या नावावरच येऊ द्या, वारसाचं नाव लावलंय ना ते त्याला विचारा. दीड वर्षाचा घरखर्च आणि त्याच्या परीक्षा-क्लासचा खर्च वेगळा काढा, उरलेल्याची ठेव करा. त्याला दुसरी नोकरी लागली की स्लॅबचा विषय त्याच्यासमोर काढा. पैसे त्याच्या पगाराचे आहेत, तेव्हा हो किंवा नाही त्यालाच म्हणू द्या. तोवर भिंतींवर पत्रा टाकून एक पावसाळा काढता येईल का, एवढंच गवंड्याला विचारून घ्या.

सेवेत जखमी झालेल्या किंवा प्राण गमावलेल्या अग्निवीराच्या कुटुंबाला मिळणाऱ्या रकमा, त्यातला 48 लाखांचा विमा आणि अपंगत्वाच्या टक्केवारीवर ठरणारी मदत, हा पुढच्या आठवड्याचा विषय.