औषधाआधीची पारख

कापडाचा पोत बोटांनी कळतो, धान्य मुठीत घेऊन पारखता येते, सोने कसोटीवर घासता येते. औषधाची पारख मात्र घेणाऱ्याच्या हाती नसते. ती कारखान्यातच व्हावी लागते. पुष्कळदा तर कारखाना उभा राहण्यापूर्वीच. हा भार ज्याच्या खांद्यावर असतो, तो म्हणजे औषधनिर्मितीतील प्रकल्प अभियंता.

जागा मिळाली, भांडवल उभे राहिले, की मालकाला यंत्रे फिरण्याची घाई असते. अभियंत्याचे काम कागदावर सुरू होते. कच्चा माल कोणत्या वाटेने येईल, तयार माल कोणत्या वाटेने जाईल, कामगार कपडे कोठे बदलतील, हे सारे आराखड्यातच ठरते. बांधलेली भिंत हलविण्यापेक्षा कागदावरची रेघ पुसणे केव्हाही स्वस्त.

पाण्याचेच उदाहरण घ्यावे. शुद्ध पाण्याची नळयोजना सहसा ३१६ एल जातीच्या स्टेनलेस स्टीलची असते. सांधे आतून गुळगुळीत असावे लागतात, नळाला उतार द्यावा लागतो आणि पाणी सतत खेळते ठेवावे लागते. कोठे पाणी साचून राहिले, तर तेथे जिवाणूंचा थर धरतो आणि तो सहजी निघत नाही. हवेचेही तसेच. शेजारच्या दोन दालनांतील दाबात साधारण १० ते १५ पास्कलचा फरक राखतात. १० पास्कल म्हणजे जेमतेम एक मिलिमीटर उंचीच्या पाण्याचा दाब. परंतु एका औषधाची भुकटी दुसऱ्यात मिसळू न देण्याचे काम एवढ्याशा फरकावर चालते.

उभारणी झाली तरी काम संपत नाही. आराखडा योग्य आहे का, यंत्र त्याबरहुकूम बसले का, ते ठरल्याप्रमाणे चालते का आणि रोजच्या उत्पादनात तसेच टिकते का, अशा चार टप्प्यांनी पडताळणी होते. तिची किंमत इंग्लंडमध्ये १९७२ साली कळली. डेव्हनपोर्ट येथील रुग्णालयातील पाच रुग्णांच्या मृत्यूंशी शिरेतून द्यावयाच्या दूषित डेक्स्ट्रोज द्रावणाचा संबंध जोडला गेला. निर्जंतुकीकरणाच्या यंत्रात हवा अडकून राहिली होती. त्यामुळे खालच्या बाटल्यांना पुरेशी उष्णता मिळालीच नाही. एक तापमापक ते दाखवीत होता, पण तोच बिघडला असावा असे समजून दुसऱ्यावर विश्वास ठेवला गेला.

भारतात केंद्र सरकारने डिसेंबर २०२३ मध्ये सुधारित ‘अनुसूची एम’ अधिसूचित केली. मुदतवाढीसाठी अर्ज करणाऱ्या लहान व मध्यम उत्पादकांना पुढे ३१ डिसेंबर २०२५ पर्यंत अवधी मिळाला. तारापूर, कुरकुंभ, महाड येथील औद्योगिक वसाहतींतही औषधनिर्मिती चालते. तेथील लहान कारखानदाराला हा खर्च जड वाटणे स्वाभाविक आहे. परंतु सदोष घाण्याचा माल बाजारातून परत बोलवावा लागला, तर मालाबरोबर पेढीची पतही जाते.

रासायनिक, यांत्रिकी वा विद्युत शाखेचे पदवीधर या क्षेत्रात येतात. व्यापारी घरातील मुलामुलींना त्यातील एक शिस्त परकी वाटणार नाही. जमाखर्चाचा मेळ बसल्यावाचून जुन्या पेढ्यांवर वही मिटत नसे. येथेही नोंद नसलेले काम झालेच नाही असे मानतात. पडताळणी अपुरी असताना, मालकाची कितीही घाई असली तरी, सही न करणे हे या अभियंत्याचे सर्वांत कठीण आणि सर्वांत मोलाचे काम होय.