तीन रुपये पगाराचा बाळू आणि ११४ बळी

आहुप्याला भात काढणी झाली की रिकाम्या खाचरात पोरांचे क्रिकेट सुरू होते. बॅट घरची, चेंडू रबरी. मागच्या सुट्टीत तिथे बसलो असता पोरांना विचारले, "पालवणकर बाळू कोण, ठाऊक आहे का?" एकालाही माहीत नव्हते. त्यांना तरी का बोल लावावा? आपण मोठ्यांनी कधी सांगितलेच नाही.

बाळू बाबाजी पालवणकर हे चर्मकार समाजातले. जन्म धारवाडचा, पण खेळ शिकले आपल्या पुण्यात. पारशांच्या क्लबात मैदान झाडायचे, खेळपट्टीवर रोलर फिरवायचा. महिना पगार तीन रुपये. १८९२ च्या सुमारास पूना क्लबात चार रुपयांवर लागले. (एक रुपयाची बढती म्हणजे काय, हे आम्हा कारकुनांना विचारा!) तिथे गोऱ्या साहेबांना सरावासाठी चेंडू टाकण्याचे काम मिळाले. डावखुरी संथ फिरकी त्या सरावातच तयार झाली. ग्रेग नावाचा नामांकित साहेब बाद झाला की बाळूंना आठ आणे बक्षीस देई, असे सांगतात.

पुढे पुण्याच्या हिंदू क्लबाला साहेबांना हरवायचे होते, म्हणून बाळूंना संघात घ्यावे लागले. मैदानावर सारे त्यांच्या हातचा चेंडू झेलत. चहाची वेळ झाली की इतर खेळाडू आत बसत आणि बाळूंना बाहेर, मातीच्या भांड्यात चहा मिळे. चेंडू विटाळत नव्हता, कप विटाळत होता!

प्लेगच्या साथीत ते मुंबईला गेले. १९०६ व १९०७ साली हिंदूंनी युरोपियनांना हरवले, त्यात त्यांचा मोठा वाटा होता. १९११ साली पतियाळाच्या महाराजांच्या कप्तानीखाली पहिला अखिल भारतीय संघ विलायतेला गेला. संघ बहुतेक सामने हरला, पण एकट्या बाळूंनी ११४ गडी बाद केले. सरासरी १९ धावांच्या आत. खांदा दुखत असताना, बरे का! बंधू शिवरामही त्या दौऱ्यात होते.

एवढे करूनही हिंदू संघाने त्यांना कप्तान नेमले नाही. १९२० साली कप्तानी डावलल्यावरून विठ्ठल व शिवराम या भावांनी संघातून अंग काढून घेतले. मग कुठे बाळूंना उपकप्तान केले गेले. १९२३ साली विठ्ठल कप्तान झाले आणि हिंदू संघाने चौरंगी सामने जिंकले.

एक गोष्ट लपवू नये. तरुणपणी बाबासाहेबांना बाळूंचे फार कौतुक होते. पण १९३२ च्या पुणे कराराच्या वेळी बाळू दुसऱ्या बाजूला उभे राहिले, आणि १९३७ च्या निवडणुकीत काँग्रेसतर्फे बाबासाहेबांविरुद्ध लढून हरले. हे आपल्याला खटकते, खटकावेच. म्हणून ते ११४ बळी पुसायचे का? मला तसे वाटत नाही.

बाळू १९५५ च्या जुलैत वारले. पोरांना हे सारे सांगितले, तेव्हा एक डावखुरा चेंडू उचलून म्हणाला, "काका, तो चेंडू वळवायचा कसा?" मला काही दाखवता आले नाही.