न बोलणारी गोष्ट : एक चिनी गुंडाळीचित्र

चित्रातली माणसे बोलत नाहीत. मग चित्रातून गोष्ट कळते कशी? चीन देशातल्या जुन्या चित्रकारांना ही विद्या चांगली अवगत होती. त्यांचे एकच चित्र आज आपण पाहू.

चित्राचे नाव ‘हान शीझायची रात्रीची मेजवानी’. ते रेशमी कापडावर काढलेले आहे. उंची जेमतेम एक फूट, लांबी मात्र सुमारे ११ फूट! गुंडाळी मेजावर ठेवायची, उजवीकडून डावीकडे हातभर उलगडायची आणि पाहून झालेला भाग गुंडाळीत पुढे जायचे. पुढे काय आहे, ते आधी दिसतच नाही.

गोष्ट दहाव्या शतकातली. दक्षिण तांग राज्यावर ली यू राजा होता आणि उत्तरेच्या सोंग राज्याचा जोर वाढत होता. हान शीझायला प्रधान करावे, असे राजाच्या मनात होते. पण त्याच्या घरी तर रात्ररात्र गाणेबजावणे चाले. खरे काय ते पाहायला राजाने गू होंगझोंग या चित्रकाराला पाठवले. त्याने सारे डोळ्यांत साठवून नंतर रंगवले, अशी कथा सांगतात.

आता गुंडाळी उलगडा. उंच टोपी आणि काळी दाढी, ही हानची खूण. तो पाच प्रसंगांत पुन्हा पुन्हा भेटतो. प्रसंगांची फारकत करायला घरातले उभे आडपडदेच बहुतेक ठिकाणी वापरले आहेत. पहिल्या प्रसंगी एक स्त्री वीणेसारखे वाद्य वाजवते आहे. साऱ्या माना तिच्याकडे वळल्या आहेत. आवाज चित्रात नाही, पण या नजरांमुळे तो ऐकू येतो, नाही का? दुसऱ्यात हान स्वतः ढोल वाजवतो. जवळच एक भिक्षू हात छातीशी धरून अवघडलेला उभा आहे. तिसऱ्यात हान विसावतो, हात धुतो. चौथ्यात अंगरखा मोकळा सोडून, हाती पंखा घेऊन तो बासऱ्या ऐकतो. शेवटी ढोलाच्या टिपऱ्या हाती धरून तो उभा राहतो.

आणि त्याचा चेहरा? सबंध मेजवानीत यजमान हसत नाही! बुडत्या राज्याचे प्रधानपद गळ्यात पडू नये, म्हणून त्याने हे चैनीचे सोंग घेतले, असे म्हणतात. इ.स. ९७० मध्ये तो वारला. ९७५ मध्ये सोंग सैन्याने ते राज्य जिंकले.

मूळ चित्र आज उरलेले नाही. बीजिंगच्या राजवाडा संग्रहालयात आहे ती सोंग काळातली नक्कल, असे जाणकार मानतात.

शिक्षकांनी या चित्राची छापील प्रत मिळाल्यास वर्गात जरूर दाखवावी. गोष्ट मात्र आधी सांगू नये. कोण कुणाकडे पाहतो, कुणाचे हात काय करतात, एवढेच मुलांना विचारावे. यजमान हसत का नाही, हे मुले आपणहून विचारतील.